फसली १३५७ : जैसे थे करार व पुढारीपणाचा पेंच

विलायतेंत सन २०१६ पासून युरोपीय संघाबाहेर पडण्याच्या प्रश्नावरून जो राजकीय गोंधळ माजला, त्याची वार्ता वाचकांनीं वर्तमानपत्रांतून वाचलेली आहेच. जुन्या दप्तरांचा शोध घेणाऱ्या या त्रैमासिकांत त्या वार्तेस स्थान काय, असा आक्षेप कोणी घेईल. आमचें उत्तर असें कीं, देहलीदीपन्यायानें उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरांतही उजेड पाडतो व अंगणांतही. विलायतेंत जें घडलें त्याच्या उजेडांत आमच्या नांदेड व लातूर प्रांतीं सन १९४७-४८ मध्यें घडलेला एक प्रसंग अधिक स्पष्ट दिसतो. व त्या प्रसंगाचे कागद अद्यापि जुन्या घरांच्या माळ्यांवर पडून असल्यामुळें तो विषय संग्राहकांच्या अगदीं जवळचा आहे.

प्रथम विलायतेची हकीकत संक्षेपानें देतों. ता. २३ जून २०१६ रोजीं तेथील जनतेचा कौल घेण्यांत आला. शेंकडा ५१.९ मतें संघ सोडण्याच्या बाजूस व ४८.१ मतें संघांत राहण्याच्या बाजूस पडलीं. दुसऱ्याच दिवशीं मुख्य प्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनीं पद सोडण्याचा मनोदय जाहीर केला. मजूर पक्षांतही पुढारी जेरेमी कॉर्बिन यांच्यावर त्यांच्याच पार्लमेंटांतील सभासदांनीं १७२ विरुद्ध ४० मतांनीं अविश्वास दर्शविला. तथापि पक्षाच्या सामान्य सभासदांनीं सप्टेंबरांत त्यांसच पुनः निवडून दिलें. हुजूर पक्षाच्या नव्या पुढारी थेरेसा मे यांनीं दोन वर्षें खटपट करून युरोपीय संघाशीं संधिपत्र ठरविलें. तें पार्लमेंटपुढें येतांच ता. १५ जानेवारी २०१९ रोजीं ४३२ विरुद्ध २०२ मतांनीं फेटाळलें गेलें. १२ मार्च रोजीं दुसऱ्यांदा व २९ मार्च रोजीं तिसऱ्यांदा तेंच झालें. मे यांस पद सोडावें लागलें व जुलैंत बोरिस जॉन्सन आले. त्यांनीं आयर्लंडविषयक कलमांत फेरफार करून बहुतांशीं तेंच संधिपत्र मान्य करविलें आणि ता. ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन संघाबाहेर पडलें.

या हकीकतींत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट एकच. जनतेस 'संघ सोडावा कीं नाहीं' एवढेंच विचारलें होतें. सोडून कोठें जावें हें विचारलेलें नव्हतें. संस्कृत वैयाकरण व मीमांसक निषेधाचे दोन प्रकार मानतात. 'अनश्व' म्हटलें असतां घोडा नव्हे, परंतु घोड्याहून अन्य असें कांहीं जनावर, असा बोध होतो, हा पर्युदास. 'खोटें बोलूं नये' म्हटलें असतां केवळ वारण होतें, त्याच्या जागीं काय बोलावें याचा बोध होत नाहीं, हा प्रसज्यप्रतिषेध. विलायतेंतील कौल दुसऱ्या प्रकारचा होता, परंतु ज्यानें त्यानें तो पहिल्या प्रकारचा समजून आपापल्या मनांतील घोडा त्यांत पाहिला. म्हणून जो जो पुढारी प्रत्यक्ष कागद घेऊन आला, त्यास त्याच्याच पक्षानें 'हें आम्हीं मागितलेंच नव्हतें' असें म्हणून मागें ओढलें. तीन वर्षांत दोन मुख्य प्रधान गेले, त्याचें मूळ येथें आहे.

आतां घरांतील हकीकतीकडे वळूं. निजामाचें हैदराबाद संस्थान सुमारें ८२ हजार चौरस मैलांचें असून सन १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणें त्याची लोकसंख्या १ कोटी ६० लक्षांवर होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पांच जिल्हे मराठी होते. लातूर हें त्या काळीं उस्मानाबाद जिल्ह्यांतील तालुक्याचें ठाणें व मोठी बाजारपेठ होती. लातूर हा स्वतंत्र जिल्हा सन १९८२ मध्यें झाला. जुन्या कागदांवर 'जिल्हा लातूर' शोधणाऱ्यांचा येथें घोटाळा होतो, म्हणून हें सांगितलें.

जून १९४७ मध्यें निजामानें फर्मान काढलें. त्याचा भावार्थ असा कीं, संस्थान हिंदुस्थानच्या घटनासमितींतही जाणार नाहीं व पाकिस्तानच्याही नाहीं. इंग्रजांची सार्वभौम सत्ता संपतांच आपण स्वतंत्र राजे होऊं. हा निषेध शुद्ध प्रसज्य होता. दोन दारें बंद केलीं, तिसरें कोठें आहे तें सांगितलें नाहीं. चोहोंकडून हिंदी भूमीनें वेढलेल्या व समुद्रकिनारा नसलेल्या राज्यानें स्वतंत्र व्हावें म्हणजे रेल्वे, टपाल, चलन, मीठ व कापड यांची व्यवस्था कशी लावावी, याचें उत्तर फर्मानांत नव्हतें. तें उत्तर शोधण्याचें काम वाटाघाटी करणाऱ्यांच्या गळ्यांत पडलें.

संस्थानच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष त्या वेळीं छतारीचे नबाब होते. त्यांच्यासह इंग्रज कायदेपंडित सर वॉल्टर मंक्टन व सर सुलतान अहमद यांनीं दिल्लीशीं बोलणीं चालविलीं. सामील होण्यास निजाम तयार नव्हता व स्वातंत्र्य मानण्यास दिल्ली तयार नव्हती. तेव्हां मधला मार्ग म्हणून 'जैसे थे करारा'चा मसुदा निघाला. इंग्रज सरकार व निजाम यांच्यामध्यें परराष्ट्रव्यवहार, संरक्षण व दळणवळण यांसंबंधीं जी व्यवस्था चालू होती, तीच एक वर्ष हिंद सरकार व निजाम यांच्यामध्यें चालावी. उभयतांनीं एकमेकांकडे प्रतिनिधि ठेवावे. वाद पडल्यास लवाद नेमावा, असा त्याचा इत्यर्थ. नांवाप्रमाणेंच त्यानें कांहीं ठरविलें नाहीं. ठरविण्याचा दिवस पुढें ढकलला.

ऑक्टोबर १९४७ च्या अखेरच्या आठवड्यांत कार्यकारी मंडळानें हा मसुदा सहा विरुद्ध तीन मतांनीं मान्य केला. निजामानेंही संमति दिली, परंतु सही एक दिवस लांबविली. ता. २७ ऑक्टोबरच्या पहाटे शिष्टमंडळ दिल्लीस निघावयाचें, तों तीनच्या सुमारास मोठ्या जमावानें मंक्टन, छतारी व सुलतान अहमद यांचीं घरें वेढलीं. निघणें झालें नाहीं. निजामानें जमावाचा पुढारी कासीम रझवी यास बोलावून घेतलें. त्यानें सांगितलें कीं, हिंद सरकार काश्मिरांत गुंतलें आहे, आतां ताणून धरल्यास अधिक चांगल्या अटी मिळतील. छतारी, मंक्टन व सुलतान अहमद यांनीं राजिनामे दिले. नबाब मोईन नवाज जंग यांच्या पुढारीपणाखालीं दुसरें शिष्टमंडळ दिल्लीस गेलें. दिल्लीनें एका अक्षराचाही फरक करण्याचें नाकारलें. ता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं जो करार सहीशिक्क्यानिशीं झाला, तो तोच जुना मसुदा होता. मध्यें एक महिना गेला, एक मुख्य प्रधान गेला, मीर लायक अली नवे मुख्य प्रधान झाले, व जमावानें मंडळावर मात करतां येते हें सर्वांस समजलें. शेवटची गोष्ट सर्वांत महाग पडली.

हा कासीम रझवी लातूरचा वकील. अलीगडास कायदा शिकून त्यानें लातुरास वकिली चालविली. मजलिसे इत्तेहादुल मुसलमीन या संस्थेचे वजनदार पुढारी बहादूर यार जंग सन १९४४ मध्यें अकस्मात् मरण पावले. त्यांच्यामागें दोन वर्षें पुढारीपण स्थिर राहिलें नाहीं. समझोत्याकडे कल दाखविणारा टिकत नसे. सन १९४६ च्या अखेरीस रझवी अध्यक्ष झाला व रझाकार पथकांची वाढ झाली. पुढारीपणाच्या पेंचाचा हा सामान्य नियम विलायतेंतही दिसून आला: पक्षाच्या कडेचा मनुष्य तडजोडीच्या निंदेवर वर चढतो, कारण त्यास कागद लिहावयाचा नसतो. जॉन्सन यांनीं जुलै २०१८ मध्यें ज्या धोरणाच्या निषेधार्थ मंत्रिपद सोडलें, त्यांतून निघालेल्या संधिपत्रास मार्च २०१९ मध्यें त्यांनीं स्वतःच मत दिलें. मात्र येथें साम्य थांबतें. विलायतेंतील भांडण मतांच्या पेटींत झालें. आमच्याकडील भांडणानें गांवेंच्या गांवें जळालीं.

दुसऱ्या बाजूसही पुढारीपणाचा प्रश्न होताच. तो लपविणें इतिहासास धरून होणार नाहीं. मराठवाड्यांत महाराष्ट्र परिषदेचें काम सन १९३७ मध्यें परतूरच्या अधिवेशनापासून सुरू झालें. दुसरें अधिवेशन सन १९३८ मध्यें लातुरास व पुढील सन १९४१ मध्यें नांदेड जिल्ह्यांतील उमरीस भरलें. सन १९३८ मध्यें स्टेट काँग्रेस निघाली, ती जन्मतांच बंदींत सांपडली; बंदी उठली सन १९४६ मध्यें. तींत दोन मतें होतीं. स्वामी रामानंद तीर्थ हे पूर्वाश्रमींचे व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत व पुढें अंबाजोगाईस त्यांनीं अध्यापन केलें. निकराच्या लढ्याचा पक्ष त्यांचा; सनदशीर मार्गानें सुधारणा पदरांत पाडून घेण्याचा पक्ष बुर्गुल रामकृष्णराव यांचा. अध्यक्षपदाच्या निवडणुकींत स्वामीजी थोड्या मतांनीं निवडून आले. बहुमत थोडें होतें, तरी त्यांनीं प्रश्न मात्र नेमका मांडला. जून १९४७ च्या हैदराबाद येथील अधिवेशनांत हिंदी संघराज्यांत सामील व्हावें व जबाबदार राज्यपद्धति यावी असा ठराव झाला. यांत निषेध नव्हता, विधि होता. काय हवें तें सांगितलें होतें. सुंदोपसुंदन्यायानें दोन गट एकमेकांचा नाश करून बसले नाहींत, याचें श्रेय आम्ही या विधिरूप ठरावास देतों. स्वामीजींस ता. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं अटक झाली, करारानंतर मुक्तता झाली व जानेवारी १९४८ मध्यें पुनः अटक झाली. त्यांच्यामागें दिगंबरराव बिंदु यांच्या अध्यक्षतेखालील कृतिसमितीनें बाहेरून लढा चालविला.

करार झाला, परंतु सीमेचा प्रश्न सुटला नाहीं. विलायतेच्या संधिपत्राचें तारू आयर्लंडच्या सीमेवर अडलें: एकाच बेटावर दोन राज्यें, मध्यें नाका बसवावा तर जुनें वैर जागें होणार, न बसवावा तर जकात कोठें घ्यावी? लातूरकरांस हा पेंच नवा नाहीं. लातूर निजामाचें व बार्शी सोलापूर जिल्ह्यांतलें. लातूरचा माल बार्शी लाइट रेल्वेनें बार्शी व कुर्डुवाडीकडे जाई. मध्यें करोडगिरीचा नाका. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार. सात रुपये हालीचे म्हणजे सहा रुपये कलदार, हा हिशेब प्रत्येक आडत्याच्या तोंडीं असे. करार होऊन महिना झाला नाहीं तों निजाम सरकारनें मौल्यवान धातूंच्या निर्यातीस बंदी करून हिंदी चलन संस्थानांत बेकायदा ठरविलें, व पाकिस्तानास वीस कोटींचें कर्ज दिल्याचेंही उघड झालें. हिंद सरकारनें यास करारभंग म्हटलें. उलट संस्थानानें नाकेबंदीची तक्रार केली. 'जैसे थे' या शब्दांचा अर्थ उभयपक्षीं निराळा होता, हें अशा रीतीनें बाजारपेठेंत सिद्ध झालें.

नांदेड जिल्ह्यांत याचे परिणाम फार तीव्र झाले. बिलोली तालुक्यांतील अर्जापूर येथें सन १९४६ मध्येंच गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली होती. ता. ३० जानेवारी १९४८ रोजीं स्वातंत्र्यसैनिकांनीं उमरीची बँक लुटून लढ्यासाठीं मोठी रक्कम नेली. रझाकारांच्या जुलुमानें गांवें ओस पडून लोक सरहद्दीपलीकडे गेले. लायक अली यांच्याच मंत्रिमंडळांतील व्यापारमंत्री जे. व्ही. जोशी यांनीं परभणी व नांदेड जिल्ह्यांतील परिस्थिति पाहून राजिनामा दिला व पत्रांत लोहा येथील विध्वंसाचा उल्लेख केला. सामिलीकरणाचा पुरस्कार करणारे 'इमरोज' पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्यें हैदराबादेंत खून झाला. ही गोष्ट मुद्दाम लिहिण्याचें कारण असें कीं, या लढ्याची फाळणी केवळ धर्मावर झाली होती असा समज कागदपत्रांस धरून नाहीं.

जून १९४८ मध्यें नव्या कराराचा मसुदा निजामानें नाकारला. ता. १३ सप्टेंबर रोजीं हिंदी फौजा संस्थानांत शिरल्या. १७ रोजीं लायक अली मंत्रिमंडळानें राजिनामा दिला व निजामानें शरणागति जाहीर केली. १८ रोजीं सेनापति एल एद्रूस यांनीं मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढें शस्त्रें खालीं ठेविलीं. मराठवाडा मुक्त झाला. परंतु यापुढील पान उघडण्यास आम्हांस लाज वाटते, म्हणूनच तें उघडणें अवश्य आहे. मुक्तीनंतरच्या आठवड्यांत निरपराध मुसलमान प्रजेवर जो सूड उगविला गेला, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार प्रभृतींच्या समितीनें केली. तिनें सर्वांत अधिक पीडित म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे चार जिल्हे सांगितले. मृतांची संख्या एकंदर २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावी असा तिचा अंदाज होता. लातूर त्या वेळीं उस्मानाबादेंतच होतें. तो अहवाल कित्येक दशकें प्रसिद्ध झाला नाहीं. पुढाऱ्याच्या पापाचें प्रायश्चित्त त्याच्या गांवच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं भोगलें. पुढारी मात्र कारावास भोगून सन १९५७ मध्यें पाकिस्तानांत गेला.

आतां संग्राहकांच्या उपयोगाचें कांहीं. या प्रसंगाचे कागद वाचतांना पहिली अडचण कालगणनेची. संस्थानचें फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभीं, सुमारें ६ तारखेस, सुरू होई. महिने क्रमानें येणेंप्रमाणें: आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कागदांस फसली सनांत ५९० मिळवावे, पुढील महिन्यांस ५९१. म्हणजे फसली १३५७ हें सन १९४७ च्या ऑक्टोबरांत सुरू होऊन १९४८ च्या ऑक्टोबरांत संपलें. घरें वेढल्याची पहाट आजुरांत येते, कराराची सही दय महिन्यांत, उमरीची घटना इस्फंदारांत व शरणागति आबानांत. पहिल्या महिन्यांत पेटलेला पेंच शेवटच्या महिन्यांत संपला; सारें नाटक एका फसली वर्षांत बसतें. कागदावर '१३५७' दिसतांच तो जपून ठेवावा. हिजरी सन समजून गोंधळ करूं नये. हिजरी १३५७ हें त्याच्या नऊ-दहा वर्षें आधींचें.

दुसरी अडचण लिपीची. सरकारी कारभार उर्दूंत, सावकारी वही बहुधा मोडींत, पत्रव्यवहार बाळबोधींत. आमचा जन्म या घडामोडींनंतर बारा-तेरा वर्षांनीं झाला. तीस वर्षांवर आम्ही या दोन जिल्ह्यांत संस्कृत शिकविलें. एका खेड्यांतील वाड्यांत आम्हांस दोन गांठोडीं असल्याचें कळलें. आम्ही पोंचेपर्यंत घरमालकांनीं मोडीचें गांठोडें 'पूर्वजांचें' म्हणून देव्हाऱ्याजवळ ठेविलें होतें व उर्दूचें 'परकें' म्हणून वजनावर रद्दींत घातलें होतें. वास्तविक त्यांच्याच आजोबांच्या नांवें आलेल्या नोटिसा, परवाने व नाक्याच्या पावत्या त्या दुसऱ्या गांठोड्यांत असण्याचा संभव अधिक. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील किती माळवदें बसलीं व त्यांखालीं माणसांबरोबर किती दप्तरें गेलीं, याचा हिशेब कोणी केला नाहीं. जें उरलें तें आपल्या हातांनीं घालवूं नये.

तिसरी गोष्ट निवडीची. बखर, सनद व ताम्रपट यांचें मोल संग्राहक जाणतात. नाक्याची पावती, हालीची हुंडी, छावणीचा जमाखर्च, ओस गांवच्या पाटलाचा अर्ज, मुसलमान विणकराच्या विधवेची दरखास्त यांस तो हात लावीत नाहीं. परंतु दिल्ली व हैदराबाद येथील मोठ्यांचे कागद छापून झाले आहेत; 'जैसे थे' या दोन शब्दांचा अर्थ लातूरच्या आडतीवर किंवा लोह्याच्या गल्लींत काय झाला, हें या लहान चिटोऱ्यांवांचून कधींही कळणार नाहीं. विजयी पक्षाचे तेवढे कागद राखणें हेंही एक प्रकारें रद्दींत घालणेंच होय.

नांदेडचें विद्यापीठ स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवें सन १९९४ मध्यें १७ सप्टेंबर या मुक्तिदिनींच स्थापन झालें. नांव देऊन ऋण फिटत नाहीं. दप्तर राखून थोडें फिटतें. केवळ 'नको' म्हणणाऱ्या पुढाऱ्यामागें जाण्यापूर्वीं 'मग काय हवें, व तें कोणत्या कागदावर लिहिलें आहे' हें विचारावें, हा या एका फसली वर्षाचा धडा आहे. विलायतेच्या लोकांस तो सत्तर वर्षांनीं पुनः गिरवावा लागला. आमच्या प्रांतीं तो रक्तानें लिहिलेला असून त्याचीं पानें अद्याप माळ्यांवर आहेत. ज्या वाचकांजवळ फसली १३५७ चें एखादें पान असेल त्यांनीं त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.